फायनलच्या दोन दिवस आधी मी क्लब का सोडला

फुटबॉलचा कोच क्लब सोडतो तेव्हा राजीनाम्यात दोनच कारणं लिहितो. एक ‘घरगुती अडचण’, दुसरं ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. मी आयुष्यात दोन क्लब सोडले आणि ही दोन्ही कारणं एकेकदा वापरली. पहिल्या वेळी घरात काहीही अडचण नव्हती. दुसऱ्या वेळी प्रकृतीचं कारण खरं होतं, फक्त प्रकृती माझी नव्हती.

मी नांदेडचा. आमच्या घरात शिलाईकाम. अब्बा कापड बेतत आणि आम्ही भावंडं काजं-बटणं करत मोठे झालो. मी मात्र मशीनवर बसायचं टाळून शाळेत पी.टी.चा शिक्षक झालो. घरात दखनी बोलतो, मैदानावर मराठी, आणि खेळाडूनं समोर रिकामा माणूस सोडून भलतीकडं पास दिला की दोन्हींची भेसळ होते. संध्याकाळी शाळा सुटली की क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवायचो. पुण्याकडच्या पाहुण्यांना ‘नांदेडात फुटबॉल’ म्हटलं की ते हसून मान डोलावतात. डोलावू देत. आमच्या मैदानावर गवत नाही, घसरून चेंडू काढला तर मांडीची साल जागेवर राहते, तरी लोक खेळतात आणि बघायला कंपाउंडवर चढून बसतात.

कोच म्हणजे ओरडणारा माणूस, अशी समजूत आहे. ओरडावं लागतं, पण ते काम नव्हे. चेंडू एका वेळी एकाच्याच पायात असतो आणि सगळं मैदान तिकडं बघत असतं. कोचनं उरलेल्या दहांकडं बघायचं. कोण जागा सोडून राहिला, कोण राग गिळून राहिला, कोणाचा घोटा सुजलाय आणि तो आपल्यापासून लपवतोय. सरावानंतर बुटाच्या नाड्या सोडताना पोरं जे बोलतात, त्यातून अर्धा संघ ठरतो. म्हणून पोरांनी आपल्याशी बोलत राहावं, एवढी एक गोष्ट कोचला सांभाळावी लागते. हे मी मोठं ज्ञान म्हणून सांगत नाही. मला ते फार उशिरा, आणि ते हातातून गेल्यावर कळलं.

नांदेडचा क्लब मी का सोडला, ते थोडक्यात सांगून टाकतो. आमचे अध्यक्ष सिमेंट-सळईचे व्यापारी. माणूस दिलदार, पण मॅच चालू झाली की माझ्या मागं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या वरताण कोच व्हायचे. “मुश्ताक, त्या लंब्याला काढ. मुश्ताक, ह्याला पुढं पाठव.” एका मॅचमध्ये मी एकाला बाहेर बोलावून दुसरा आत पाठवला. त्याच मिनिटाला अध्यक्षांनी पलीकडच्या बाजूनं आपल्या मर्जीतला एक आत सोडला. दोन मिनिटं आम्ही बरे खेळलो. मग रेफरीनं शिट्टी मारली, बोट नाचवत माणसं मोजली आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, “सर, तुमचे बारा आहेत.”

सगळं मैदान हसलं. दुसऱ्या दिवशी मी ‘घरगुती अडचणीमुळे’ असा राजीनामा दिला. तो कोणीतरी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि फिरत फिरत माझ्या बायकोच्या, रेहानाच्या, मोबाइलवर आला. ती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. “घर में तो मैंच हूँ. अडचन मैं हूँ क्या?”

शाळेतून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत लातूरच्या एका क्लबचा फोन आला. तिथले अध्यक्ष डाळमिलचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर तुरीच्या डाळीचे नमुने वाट्यांत मांडलेले होते. मी बोलता बोलता एक मूठ डाळ टेबलावर ओतली आणि दाण्यांचे बचाव, मधली फळी, आघाडी असे डाव मांडून दाखवले. अण्णांनी पाच मिनिटं टेबलाकडं बघितलं आणि म्हणाले, “मास्तर, ह्या डाळीत मी तीस वर्षं फक्त भाव बघितला.” मी पहिल्याच दिवशी त्यांना बारा खेळाडूंची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले आणि वचन दिलं, “टीम तुमची. मी फक्त टाळ्या वाजवीन.” लातुरात एक खोली भाड्यानं घेतली, शनिवारी नांदेडला घरी, सोमवारी पहिल्या बसनं परत. अण्णांनी दोन वर्षं वचन पाळलं.

त्या संघाचा कणा होता ज्ञानोबा. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरची कोरडवाहू शेती, वय तेवीस. लातुरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरायचा. मैदानात तो बचावाच्या मधोमध उभा राहायचा. बोलणं कमी, उडी मोठी. हवेतला चेंडू त्याच्या कपाळाचाच, असं समोरचे संघसुद्धा धरून चालायचे. मी त्याला काही विचारलं की उत्तर ठरलेलं. “हाव सर” किंवा “न्हाई सर”.

एका उन्हाळ्यात आमच्या भागातली मोठी स्पर्धा लागली. पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. तिसऱ्या मॅचच्या, म्हणजे सेमीफायनलच्या, आधी सराव चालू असताना मी नेहमीप्रमाणे चेंडू सोडून बाकीच्यांकडं बघत होतो. ज्ञानोबा गोलच्या खांबाला धरून उभा होता. दमलेला खेळाडू गुडघ्यावर हात ठेवून वाकतो, पाणी मागतो, शिव्या देतो. हा वाकला नव्हता. डोळे मिटून खांब धरला होता आणि ओठांचा रंग उडाला होता.

“चक्कर आली का रे?”

“न्हाई सर.”

“छातीत काही?”

“न्हाई सर. ऊन लई हाय.”

सराव झाल्यावर आमच्या कॅप्टननं, इरफाननं, बाजूला येऊन हळूच सांगितलं. “सर, मी सांगितलं म्हणू नका. ह्याचा मोठा भाऊ शेतात काम करता करता पडला आणि तिथंच गेला. तीस वर्षाचा होता. लोक म्हणले साप चावला, पण कुठं दात दिसला नाही.”

मी वैद्यकी शिकलेलो नाही, पण पी.टी.च्या नोकरीत एवढं नक्की ऐकलं होतं की तरणा माणूस काम करता करता पडून गेला असेल, तर त्याच्या भावंडांची छाती तपासून घ्यावी. दुसऱ्या दिवशी ज्ञानोबाला दुकानातून उचललं आणि हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, मग छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आम्हा दोघांना समोर बसवून साध्या भाषेत सांगितलं. हृदयाचा स्नायू नको तेवढा जाड झालाय. हे जन्मानं येतं, घराण्यातून येतं. गोळ्या घेऊन, जपून नीट जगता येतं. पण धावपळीचा, चढाओढीचा खेळ बंद. आजपासून.

“घरात अजून कोण आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “रक्ताच्या सगळ्यांना आणा तपासायला.”

बाहेर आल्यावर ज्ञानोबा स्टँडवर लावलेल्या माझ्या स्कूटरपाशी थांबला. एवढं सलग मी त्याला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

“सर, घरी सांगू नका. थोरल्याच्या वक्ताला माय महिनाभर जेवली न्हाई. आता हे कळलं तर ती मरल. मीच सांगतो, पर स्पर्धा झाल्यावर. शब्द द्या.”

मी शब्द दिला. मला वाटलं, खेळणं थांबवतोय ना, मग घरी आठ दिवसांनी कळलं तरी काय बिघडलं.

आणि इथून पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. रेहानाला आणि अण्णांना सांगितलंय, तेवढंच.

सेमीफायनल चार दिवसांवर होती, लातुरातच. जिंकलो तर फायनल नांदेडला, आणि तिथं समोर माझा जुना क्लब, हे एव्हाना ठरलं होतं. ते मैदान, ती प्लास्टिकची खुर्ची, ते हसणं. ज्ञानोबाच्या जागी खेळणारा दुसरा पोरगा उंचीला कमी होता आणि समोरच्या संघाचं सगळं बळ उंच चेंडूवर. आदल्या दिवशी ज्ञानोबा आला. “एकच सर. लास्ट. इतकी वर्षं खेळलोच की ह्याच छातीवर.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मला ते आठवतं. आणि तोंडातून निघालं, “दम लागला की खाली बस. हात वर कर. मी लगेच बाहेर काढीन.”

ती मॅच मी बघितली असं म्हणता येणार नाही. नव्वद मिनिटं मी एका माणसाचे ओठ बघत होतो. आम्ही गोल केला, सगळे माझ्या अंगावर येऊन पडले, आणि मी त्यांच्या खांद्यावरून ज्ञानोबा कुठाय ते शोधत होतो. उत्तरार्धात एका उंच चेंडूला तो उडाला, खाली आला आणि बसला. हात वर केला नाही. नुसता बसला. मी बाजूची रेघ ओलांडून आत पळालो, तेवढ्यात तो उठला आणि मला हातानंच ‘बाहेर व्हा’ अशी खूण केली. बुटाची नाडी सुटली होती. रेफरीनं मला पिवळं कार्ड दाखवलं. लोक हसत होते.

आम्ही एक-शून्यनं जिंकलो. पोरं नाचत होती. मी नळापाशी जाऊन तोंड धुतलं, आणि सरळ ज्ञानोबाला जाऊन सांगितलं, “संपलं. फायनलला तू बाकावरसुद्धा नसशील.”

तो बूट पिशवीत घालून निघून गेला. पण तिसऱ्या दिवशी अण्णांनी मिलवर बोलावलं. टेबलावर एक कागद होता. ज्ञानोबा दुसऱ्या एका डॉक्टरकडं जाऊन आला होता. त्यांना भावाचं सांगितलं नव्हतं, आधीच्या तपासणीचं सांगितलं नव्हतं. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला आणि खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं.

“मास्तर, हे काय? पोरगं फिट हाय की,” अण्णा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. भाऊ, पडद्यावरचं हृदय, डॉक्टरांचे शब्द. सेमीफायनलला मी जाणूनबुजून उतरवलं, हेही सांगितलं. अण्णांनी कागद परत एकदा वाचला. मग छातीवर हात आपटून म्हणाले, “माझ्या छातीत दोन स्टेंट हायत. डॉक्टर म्हणले व्हते जिना चढू नका. रोज मिलवर तीन मजले चढून राहिलो. डॉक्टर भ्या दाखवतातच. पोरगं सोता म्हणतंय खेळतो, कागद हाय, तुम्ही कामून अडून बसलात?”

“अण्णा, टीम माझी, असं तुमचं वचन आहे.”

“हाय. पर क्लब पहिल्यांदाच फायनलला गेलाय. मीबी माणूस हाय, मास्तर.”

ते वाईट नव्हते. चार दिवसांपूर्वी मी जिथं उभा होतो तिथंच ते उभे होते, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येईना. मी राजीनामा दिला असता तर काय झालं असतं? दुसऱ्या कोणीतरी यादीवर सही केली असती आणि ज्ञानोबा खेळला असता. मी हात झटकून घरी बसलो असतो आणि मोबाइल वाजायची वाट बघितली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुखेडची एस.टी. पकडली. शिरूर ताजबंदला उतरावंसं वाटलं, जांबला उतरावंसं वाटलं. शब्द दिलेला होता. मुखेडहून ऑटोनं त्याच्या गावी गेलो. ज्ञानोबाची आई, गयाबाई, दारात बसून सुपात हरभरा निवडत होती. शेजारी थोरल्याची बायको आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

“पडला का?” तिनं विचारलं.

“नाही. चांगला आहे. कामावर आहे.”

“मग तुम्ही आलात कामून?”

मी सांगितलं. जेवढं डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, न वाढवता, न घटवता. मला वाटलं होतं रडारड होईल. ती रडली नाही. अंगणाकडं बघत म्हणाली, “म्हंजी थोरल्याला साप न्हाई चावला.”

“बहुतेक नाही.”

“चार वर्सं मी त्या बांधावर नागोबाला दूध ठिवून राहिले,” ती म्हणाली. मग उठली. शेळी शेजारणीकडं बांधली, सुनेला दोन शब्द सांगितले, लुगड्याचा पदर खोचला. “चला मास्तर. कोणापाशी जायचं ते दाखवा.”

लातूरपर्यंत ती खिडकीशी बसून होती. एकदाच बोलली. “तुम्हाला लेकरं?” मी म्हटलं, दोन मुली, दोघी आपापल्या घरी. “बरं हाय,” म्हणाली.

मिलवर अण्णांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. आवाजही चढवला नाही.

“अण्णा, थोरला गेला तवा सांगणारं कुणी नव्हतं. देवाच्या नावानं रडले, सापाच्या नावानं रडले. आता सांगणारा माणूस दारात येऊन गेला. आता ह्याला काही झालं तर मी कुणाच्या नावानं रडू?”

अण्णा उभे होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडून फायनलची यादी काढली, ज्ञानोबाच्या नावावर पेनानं आडवी रेघ मारली आणि यादी माझ्यासमोर सरकवली. “माय, बसा आता,” ते म्हणाले. “पोराचा दवाखाना मी बघतो.”

ज्ञानोबाला निरोप गेला. तो दुकानातून तसाच आला, बोटांना वार्निश, सदऱ्यावर तांब्याच्या तारेचे तुकडे. आईला बघितलं, मला बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

“सर, तुम्ही शब्द दिला व्हता.”

“दिला होता.”

“मग आता ह्या पोरांनी तुम्हाला काय म्हणून काही सांगायचं?”

तो आईला घेऊन निघून गेला.

संध्याकाळी सरावाला गेलो. पोरं वॉर्मअप करत होती. बातमी आधीच पोचली होती. इरफानचा डावा घोटा सुजलेला मला लांबूनच दिसला.

“दुखतंय का?”

“नाही सर.”

आघाडीला खेळणाऱ्या जितेशला मांडीत आखडल्यासारखं होत होतं. “नाही सर.” गोलकीपरचं मनगट. “नाही सर.” सगळे आदबीनं बोलत होते, कोणी डोळे चोरत नव्हतं, कोणी रागावलेलंही नव्हतं. त्यातल्या काहींनी नंतर मला सांगितलं की सर तुम्ही बरोबर केलंत. ते त्यांच्या डोक्याला पटलं होतं. पण पोटातलं सांगायचा माणूस मी आता उरलो नव्हतो. सराव संपल्यावर बुटाच्या नाड्या सोडताना सगळं मैदान गप्प होतं. एवढी शांतता मी कोणत्याही क्लबमध्ये ऐकली नव्हती.

फायनलला दोन दिवस राहिले होते. मी अण्णांना पत्र दिलं, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. अण्णा म्हणाले, “रेघ मी मारली ना मास्तर? आता कामून चाललात?” त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रुसलो. मी त्यांना घोटा, मांडी, मनगट सांगितलं. म्हटलं, इरफान माझ्यापासून लपवतोय, पण नव्या माणसाला सांगेल. त्याला मॅचआधी पट्टी बांधायला लावा. अण्णांनी लिहून घेतलं.

लोकांनी आपापल्या परीनं कारणं लावली. कोणी म्हणालं, जुन्या क्लबशी आतून मिळालेला, म्हणून ऐन वेळी पळाला. कोणी म्हणालं, अध्यक्षानं हाकलला. नांदेडात तर असंही उठलं की मला बाराव्या खेळाडूची अजून भीती वाटते. हे शेवटचं मला आवडलं.

फायनल आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर होती. मी गेलो नाही. वाऱ्यावर अधूनमधून लोकांचा गलका येत होता आणि तो आला की मी काहीतरी करायला उठत होतो. कपाट लावलं, नळाचा वायसर बदलला. रेहाना बघत होती. संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

“हरलो, मास्तर. तीन-एक. उंच चेंडूनं मारलं.”

“बरं.”

“ज्ञानोबा आला व्हता बघायला. मायसंगं बसला व्हता. आता सगळे गाडीत बसलेत. मोजून घेतलेत.” थोडं थांबून ते म्हणाले, “सगळे हायत.”

फोन ठेवला आणि मी भिंतीला टेकून तिथंच फरशीवर बसलो. रेहानानं विचारलं, “हार गए क्या?” मी म्हटलं, हो. “फिर हँस क्यूं रहे जी?” ती म्हणाली. मी हसत होतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी कोणत्याही क्लबचा कोच झालो नाही. एक-दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मी गेलो नाही आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं, की संध्याकाळी पाच वाजले तरी काही तुटल्यासारखं होत नाही. उलट हलकं वाटतं. तीस-पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घोट्यांची, मनगटांची, घरच्या भांडणांची काळजी वाहिली होती. ती कोणाला तरी देऊन टाकल्यावर खांदे किती रिकामे होतात, ते सोडल्याशिवाय कळत नाही. आमच्या धंद्यातले लोक क्लब का सोडतात, ह्याचं हेही एक कारण असावं. पत्रात लिहिता येत नाही एवढंच. हळहळ एकाच गोष्टीची होती. ज्ञानोबा माझ्याशी बोलत नव्हता. मी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग यंदा उन्हाळ्यात गयाबाईचा फोन आला. “मास्तर, थोरल्याची पोरगी लई पळती. शाळेत पयली येती. डॉक्टर म्हणले व्हते सगळ्यांना दाखवा. भ्यानं दाखवलंच न्हाई अजून. उद्या लातूरला नेऊन राहिलो. तुम्ही या.”

मी गेलो. दवाखान्याच्या बाकड्यावर सगळे बसले होते. म्हातारी, सून, अकरा वर्षांची झालेली ती मुलगी आणि ज्ञानोबा. त्याच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. गोळ्या चालू होत्या, मुखेडला स्वतःचं रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं, हे मला म्हातारीनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि खाली बघितलं. मुलीला आत नेलं. आम्ही पाच माणसांच्या बाकड्यावर चौघं बसलो होतो आणि तरी जागा पुरत नव्हती.

डॉक्टर तेच होते. त्यांनी दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. “आज हिच्या हृदयात काही दोष दिसत नाही,” ते म्हणाले. “वाढीचं वय आहे, म्हणून दर वर्षी तपासायचं. चुकवायचं नाही. पण आत्ता पळू द्या.”

मुलीच्या आईनं तिला घट्ट धरलं. म्हातारी डॉक्टरांच्या टेबलाचा काठ धरून उभी राहिली, आणि मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. ज्ञानोबा बाहेर निघून गेला.

थोड्या वेळानं मी गेलो तर तो आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली उभा होता. तोंड धुतलेलं होतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“सर, एक इचारू?”

“विचार.”

“फायनलचं मला समजलं. माय आली, तुम्ही आणली, ते समजलं. पहिल्यांदा राग आला, मग गेला.” तो माझ्याकडं न बघता बोलत होता. “पर सेमीफायनलला तुम्हाला समदं ठावं व्हतं. तरी मला उतरवलं. कामून?”

दोन वर्षं मला वाटत होतं की तो मोडलेल्या शब्दासाठी अबोला धरून आहे. तो हे धरून बसला होता. मी वय, अनुभव, ‘तूच म्हणालास’, सगळं तोंडाशी आणलं आणि गिळलं.

“जिंकायचं होतं रे,” मी म्हटलं. “नांदेडला जाऊन त्या लोकांना दाखवायचं होतं. तुझ्या जिवापेक्षा मला ते त्या दिवशी मोठं वाटलं. माझं चुकलं.”

त्यानं झाडाची एक काडी तोडली. मग नाकातून हसल्यासारखा आवाज केला.

“मलाबी जिंकायचंच व्हतं,” तो म्हणाला. “मी नाडी बांधायला बसलो न्हवतो सर. डोळ्यापुढं अंधारी आली व्हती. नाडी मी मागून सोडली, तुम्हाला दिसावं म्हणून.”

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो माझ्याकडं बघत राहिला. मग काय झालं कोणास ठाऊक, आम्ही दोघंही हसायला लागलो, दवाखान्याच्या आवारात, लोक वळून बघतील इतके. हसता हसता त्यानं माझा हात धरला तो सोडला नाही. त्याच हातानं ओढत मला समोरच्या हॉटेलात नेलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. पोरीसाठी दूध.

दुपारच्या बसनं मी निघालो. संघाबरोबर प्रवास करताना कोच कधी झोपत नाही. प्रत्येक स्टँडवर उतरलेले आणि चढलेले मोजत बसतो. ती खोड मला एकटा असतानाही सुटली नव्हती. त्या दिवशी चाकूर गेलेलं मला आठवतं. अहमदपूर गेलेलं कळलं नाही. लोहा गेलेलं कळलं नाही. कंडक्टरनं खांद्याला हलवून उठवलं तेव्हा सगळी गाडी रिकामी होती.

“चाचा, उठा,” तो म्हणाला. “नांदेड आलं. कवाचं आलंय.”